बायोवॉशच्या कॅनमध्ये काय असते? कापूस खाणारे विकर आणि आपला धंदा

हल्ली टी-शर्टच्या लेबलवर, होजिअरीच्या बिलावर आणि प्रोसेस हाऊसच्या दरपत्रकावर 'बायोवॉश' हा शब्द हमखास दिसतो. ग्राहकाने अर्थ विचारला तर दुकानदार सांगतो, "कपडा मऊ राहतो." दुकानदाराने व्यापाऱ्याला विचारले तर व्यापारी म्हणतो, "प्रोसेसवाला काहीतरी टाकतो." प्रोसेसच्या कारागिराला विचारावे तर तो कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या कॅनकडे बोट दाखवतो. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे सुताचा काउंट, रीड-पीक, पन्हा, रंगाचा पक्केपणा या साऱ्यांची बारकाईने चौकशी करतो. पण ज्या कॅनमधून आपला सारा माल जातो, त्यात काय आहे हे मात्र विचारत नाही.

हे विचारणे जरुरीचे आहे. कॅनमधला पदार्थ साबण नाही, तेल नाही, मऊपणा आणणारे मेणही नाही. तो कापूस खाणारा पदार्थ आहे. पावसात पडलेली ताडपत्री ज्याने कुजते आणि रानातले लाकूड ज्याने भुगा होते, त्याच जातीचा हा पदार्थ आहे. फरक इतकाच, की तेथे त्याला थांबवणारा कोणी नसतो आणि येथे आपण थांबवतो. जो वेळेवर थांबवतो त्याचा माल तलम होतो. जो विसरतो त्याचा माल फाटतो. या लेखात आम्ही हीच गोष्ट कारागीर व व्यापारी बंधूंना समजेल अशा रीतीने सांगणार आहोत.

कापूस म्हणजे साखरेची माळ

प्रथम कापूस म्हणजे काय ते पाहू. बोंडातून निघालेल्या कापसाच्या धाग्यात सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग 'सेल्युलोज' या एकाच पदार्थाचा असतो. हे सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची लांब माळ होय. हे तेच ग्लुकोज, जे आजारी माणसाला पाण्यातून देतात. म्हणजे आपल्या अंगावरचा सुती सदरा हा एका अर्थाने साखरेचाच बनलेला आहे.

मग तो गोड का लागत नाही? आणि गव्हाची रोटी पचते, तसा कापूस का पचत नाही? गव्हातील स्टार्च हीदेखील ग्लुकोजचीच माळ असते. पण दोन्ही माळांत मणी ओवण्याची तऱ्हा वेगळी आहे. स्टार्चमधली गाठ आपल्या लाळेतले व पोटातले रस सोडवू शकतात. सेल्युलोजमधली गाठ त्यांना सुटत नाही. शिवाय सेल्युलोजच्या माळा एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून बसतात की त्यांच्यात पाणीही सहजी शिरत नाही. गाय-म्हैस कडबा पचवते तीही स्वतःच्या बळावर नव्हे, तर तिच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या बळावर.

गंमत अशी, की हे कुलूप आणि अशा कुलपांची पहिली किल्ली यांचा शोध एकाच माणसाच्या नावावर आहे. आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३३ साली आपल्या एका सहकाऱ्यासह, मोड आलेल्या धान्यातून स्टार्चची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला. पुढे १८३८ साली त्यानेच वनस्पतींतून सेल्युलोज वेगळे करून दाखवले.

खमीर आणि खामरा

असे गाठ सोडवणारे जे पदार्थ सजीवांच्या शरीरात तयार होतात, त्यांना मराठी शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणतात आणि बाजारात 'एन्झाइम' म्हणतात. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना 'खामरा' हा शब्द आठवेल. तो 'खमीर' या शब्दाच्या घराण्यातला आहे. विशेष म्हणजे 'एन्झाइम' हा शब्दही, जो १८७७ साली क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने रूढ केला, ग्रीक भाषेतील 'खमिरामधले' या अर्थाच्या शब्दांवरून आला आहे. नानवाईची पीठ फुगवण्याची करामत ज्याला ठाऊक आहे, त्याला विकराचे मर्म अर्धे समजलेच म्हणायचे.

विकराचे तीन गुण ध्यानात ठेवावेत. पहिला गुण असा, की ते एकच काम जाणते. स्टार्च तोडणारे विकर कापसाला हात लावत नाही आणि कापूस तोडणारे विकर पॉलिएस्टरला, लोकरीला वा रेशमाला ओळखत नाही. दुसरा गुण असा, की काम करताना ते खर्च होत नाही. सोडा किंवा ॲसिड वापरून संपते. विकर मात्र एक गाठ सोडवून पुढच्या गाठीकडे जाते, आणि कोणी थांबवीपर्यंत जातच राहते. तिसरा गुण असा, की ते नाजूक असते. ठरावीक उष्णता आणि ठरावीक आंबटपणा असला तरच ते काम करते. फार तापवले किंवा पाणी फार खारे केले की कायमचे निकामी होते. बायोवॉशचे सारे तंत्र या तीन गुणांवर उभे आहे.

आपल्या धंद्याला विकरे नवीन नाहीत. मागावर चढण्यापूर्वी ताण्याला जी स्टार्चची खळ देतात, ती विणल्यानंतर काढून टाकावी लागते. हे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ॲमायलेज नावाच्या विकराने केले जाते. ॲमायलेज खळ खाते आणि कापूस सोडते, म्हणून त्यात धोका नाही. पण सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारे विकर, थेट कापसावरच चालते. म्हणून त्याची गोष्ट वेगळी आहे.

तीन कामगारांची टोळी

बाजारातले सेल्युलेज हे खरे पाहता एक विकर नसून निदान तीन प्रकारच्या विकरांची टोळी असते. पहिला गडी सेल्युलोजच्या माळेवर जिथे सैल जागा सापडेल तिथे मधोमध घाव घालतो आणि लांब माळेचे तुकडे करतो. दुसरा गडी तुटलेल्या टोकापासून सुरू करून दोन-दोन मण्यांच्या जोड्या सोडवत जातो. तिसरा त्या जोडीचे दोन सुटे मणी करतो, आणि मग पाण्यात उरते ते साधे ग्लुकोज.

पहिला गडी नसेल तर दुसऱ्याला टोके कमी मिळतात. तिसरा नसेल तर जोड्या साचून राहतात आणि दुसऱ्याचे काम मंदावते. साखर बनवायची असेल तर तिघेही भरपूर हवेत. कापड तलम करायचे असेल तर साखर आपल्याला नकोच आहे, फक्त वरची लव कमजोर व्हायला हवी. म्हणून कापडासाठी पहिल्या गड्याचा भरणा अधिक असलेली मिश्रणेही बनवतात. यावरून एक गोष्ट उघड होते. दोन कंपन्यांचे 'सेल्युलेज' नावाने एकच असले तरी कामाने एक असेलच असे नाही.

कुजलेल्या तंबूंनी लावलेला शोध

हा कामगार सापडला कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैन्य दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर लढत होते. तेथील दमट हवेत सुती तंबू, गणवेश आणि काडतुसांचे पट्टे पाहता पाहता कुजू लागले. शत्रूच्या गोळीइतकीच ही कूज लष्कराला डोकेदुखी झाली. मग सैन्याला सामान पुरवणाऱ्या क्वार्टरमास्टर विभागाने प्रयोगशाळा उभारली, कुजलेल्या मालावरील हजारो बुरश्या गोळा केल्या, आणि कोणती बुरशी कापूस कसा खाते याचा अभ्यास सुरू केला.

यात सॉलोमन द्वीपसमूहातील बोगनव्हिल बेटावरच्या सुती कापडावरून घेतलेली एक हिरवट बुरशी होती. तिला 'क्यूएम ६ ए' असा नंबर मिळाला. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स या शास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. ही बुरशी सेल्युलेज आपल्या शरीराबाहेर सोडते आणि तेही भरपूर, असे दिसून आले. १९७७ साली तिला रीस यांच्या नावावरून 'ट्रायकोडर्मा रीसाय' असे नाव मिळाले.

शोध सुरू झाला होता कापड वाचवण्यासाठी. पण १९७३ साली तेलाचे संकट आले आणि शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. ही बुरशी कापसाची साखर करू शकते, तर तिच्याकडून रद्दी कागदाची आणि शेतातल्या काडी-कचऱ्याची साखर करून त्यापासून इंधन का बनवू नये? मग तिचे अधिक उत्पादन देणारे वाण तयार झाले. आज कारखान्यांत वापरले जाणारे या बुरशीचे वाण त्या एका बेटावरच्या नमुन्याचीच संतती आहेत. ज्याला मारायला निघाले, त्यालाच कामावर ठेवले, असा हा प्रकार आहे.

येथे काही बांधव विचारतात, की हे विकर कोणत्या जनावरापासून काढतात काय? चामडे कमावण्याच्या धंद्यात जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरे वापरली गेली आहेत, त्यामुळे ही शंका येणे स्वाभाविक आहे. कापडासाठीचे सेल्युलेज मात्र बुरशीपासून किंवा जिवाणूंपासून, मोठ्या टाक्यांत वाढवून मिळवतात.

कापडावर नेमके काय घडते?

सुताच्या अंगावर तंतूंची टोके बाहेर आलेली असतात. त्यालाच आपण लव म्हणतो. वापरात ही टोके घासून गुंततात आणि कापडावर बारीक गोळ्या येतात. आखूड तंतूच्या किंवा कार्डेड सुतात लव अधिक असते, कोंब्ड सुतात कमी असते.

सेल्युलेजचा रेणू आकाराने मोठा असतो. तो तंतूच्या आत खोलवर सहज शिरू शकत नाही, म्हणून त्याचा पहिला हल्ला बाहेर आलेल्या लवेवर होतो. लव मुळाशी कमजोर होते. मग मशीनमधल्या पाण्याच्या जोराने आणि कापडाच्या घासणीने ती तुटून पडते. म्हणजे अर्धे काम विकराचे आणि अर्धे मशीनच्या हालचालीचे. नुसते टाकीत भिजत ठेवून बायोपॉलिश होत नाही, कूज मात्र होऊ शकते.

जीन्सच्या धुलाईत हेच तत्त्व वेगळ्या कामी येते. डेनिमच्या सुतावर निळीचा रंग बाहेरच्या थरातच बसलेला असतो, आतला गाभा पांढरा राहतो. पूर्वी प्युमिस नावाचे हलके दगड घालून जीन्स घुसळत, म्हणून 'स्टोनवॉश' हे नाव पडले. दगडांनी मशीनचे ड्रम झिजत, खिशांत खडे अडकत आणि गटारे गाळाने भरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या कामात सेल्युलेज आले. ते वरचा थर सैल करते आणि रंग तंतूंसकट निघतो. दगड कमी लागतात किंवा लागतही नाहीत.

दोन जाती, दोन स्वभाव

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची सेल्युलेज मिळतात. पहिला प्रकार ॲसिड सेल्युलेज. ते बहुधा ट्रायकोडर्मा बुरशीपासून मिळते आणि पीएच ४.५ ते ५.५, उष्णता ४५ ते ५५ अंश या मर्यादेत जोरात चालते. काम झपाट्याने होते, पण कापडाच्या ताकदीला धोका जास्त. जीन्समध्ये तर सुटलेली नीळ पुन्हा पांढऱ्या धाग्यावर आणि खिशाच्या कापडावर बसते. दुसरा प्रकार न्यूट्रल सेल्युलेज. ते ह्युमिकोला सारख्या बुरशीपासून मिळते आणि पीएच ६ ते ७ च्या आसपास, ५० ते ६० अंशांवर चालते. वेळ जास्त लागतो, पण ताकद कमी घटते आणि नीळही कमी परत बसते.

म्हणून कॅन बदलला की कृतीही बदलली पाहिजे. ॲसिडवाल्या कॅनची कृती न्यूट्रलला लावली तर माल जसाच्या तसा बाहेर येतो आणि कारागीर म्हणतो, 'एन्झाइम बोगस आहे.' मात्रा आणि वेळ कंपनीच्या पत्रकाप्रमाणेच घ्यावी. सर्वसाधारणपणे ३० ते ६० मिनिटे लागतात.

काही गोष्टी विकराला मारतात किंवा अडवतात, त्याही लक्षात घ्याव्यात. ब्लीचिंगनंतर कापडात हायड्रोजन पेरॉक्साइड उरले असेल तर विकर मरते. म्हणून ते पूर्ण काढून, ॲसेटिक ॲसिडने पाण्याचा पीएच जुळवून मगच विकर टाकावे. रिॲक्टिव्ह किंवा डायरेक्ट रंगाने रंगलेल्या कापडावर विकराची चाल मंदावते आणि रंगाची छटाही थोडी बदलू शकते. रेझिन फिनिश दिलेल्या कापडावर ते जवळपास चालतच नाही. पॉलिएस्टर-कॉटनच्या मिश्र कापडात ते फक्त कॉटन खाते. व्हिस्कोस, लिनन आणि ताग हेही सेल्युलोजच असल्याने त्यांच्यावरही ते चालते, म्हणून तेथेही आधी नमुना करून पाहावा.

थांबवणे हीच कारागिरी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेळ संपली, पाणी सोडले, कापड पिळून ट्रॉलीत टाकले, म्हणजे काम संपले असे नव्हे. ओल्या कापडात विकर शिल्लक असते. थंड पाण्यात ते मंदावते, मरत नाही. रात्रभर ट्रॉलीत पडलेल्या ओल्या लॉटमध्ये ते आपले काम करीत राहते आणि चार दिवसांनी शिलाईच्या टेबलावर शिवण उसवू लागली की मग धावपळ सुरू होते.

त्याला मारण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पाणी ८० अंशांपर्यंत तापवून १०-१५ मिनिटे कापड फिरवणे. दुसरा, सोडा ॲश टाकून पीएच १० च्या आसपास नेणे. दोन्ही एकत्र केले तर उत्तम. मधेच लाईट गेली किंवा बॉयलर बंद पडला तर वाफेची वाट पाहत बसू नये. टाकीतील विकराचे पाणी सोडून सोड्याचे पाणी द्यावे आणि वाफ आल्यावर ८० अंशांवर फिरवून काम पक्के करावे. पीएच पेपर आणि थर्मामीटर या दोन वस्तूंची किंमत किरकोळ आहे. एक लॉट फाटला तर त्या किमतीत अशा कित्येक वस्तू येतील.

आणखी एक सावधगिरी माणसांसाठी आहे. विकराची कोरडी भुकटी श्वासातून गेल्यास दमा व ॲलर्जी होऊ शकते. १९६९ साली ब्रिटनमध्ये धुलाई पावडरीच्या कारखान्यातील कामगारांना विकराच्या धुळीमुळे असा त्रास झाल्याचे उघडकीस आले होते. म्हणून शक्यतो पातळ विकर घ्यावे, भुकटी असल्यास तोंडावर मास्क बांधावा, आणि कॅन उन्हात न ठेवता थंड जागी ठेवावा. कारागिराचे फुप्फुस हेही आपल्यावर अमानत आहे.

घटीचा हिशेब

जो पदार्थ कापूस खातो, तो वजनही खातो. बायोपॉलिशमध्ये साधारण ३ ते ५ टक्के घट धरतात. ५०० किलोच्या लॉटमध्ये ४ टक्के म्हणजे २० किलो. होजिअरीचा धंदा किलोवर चालतो, त्यामुळे या २० किलोंवरून प्रोसेसवाला आणि व्यापारी यांच्यात वाद होतात. कोणी म्हणतो, माल चोरला. कोणी म्हणतो, एन्झाइमने खाल्ला.

हा वाद टाळता येतो. पहिली गोष्ट, कोऱ्या कापडातील मेण, तेल आणि कचरा साध्या धुलाई-ब्लीचिंगमध्येही निघतो. ती घट वेगळी धरावी, विकराची वेगळी. दुसरी गोष्ट फार जण विसरतात. कापूस हवेतला ओलावा पितो. व्यापारात कापसाचा ओलावा साडेआठ टक्के धरण्याची रीत आहे, पण कोरड्या हवेत तो ६ टक्क्यांवर उतरतो आणि भर पावसाळ्यात १० टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे ओलाव्याचा फरक विकराच्या घटीएवढाच किंवा त्याहून मोठा असू शकतो. श्रावणातल्या दमट सकाळी मोजून पाठवलेला माल आणि ड्रायरमधून गरम निघताच मोजलेला माल यांची तुलना करून कोणावर चोरीचा आळ घेणे योग्य नाही. दोन्ही वजने माल एकाच हवेत काही तास मोकळा ठेवून करावीत. चाचणीच्या प्रयोगशाळांत यासाठी ६५ टक्के आर्द्रता आणि २७ अंश उष्णता ठेवतात, ती उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट, सौदा करतानाच चलनावर लिहून घ्यावे: घट किती टक्क्यांपर्यंत मान्य, ताकदीत किती घट मान्य, आणि त्यापलीकडे नुकसान कोणाचे. ताकदीत १० टक्क्यांहून अधिक घट येऊ देऊ नये. पूर्ण लॉटआधी त्याच मशीनवर थोड्या कापडाचा नमुना काढावा आणि आधीचा तुकडा व नंतरचा तुकडा दोन्ही जपून ठेवावेत. कागदावर लिहिलेला सौदा भांडणे टाळतो. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

विकर विकत घेतानाही सावध राहावे. कॅनवर 'इतके युनिट' असे छापलेले असते, पण एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाशी जुळेलच असे नाही. चाचणीची एक जगन्मान्य पद्धत आहे. ५० मिलिग्रॅम फिल्टर पेपरची पट्टी विकरात ५० अंशांवर ६० मिनिटे ठेवायची आणि किती साखर सुटली ते मोजायचे. १९८७ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडणारे शास्त्रज्ञ आपल्याच आयआयटी दिल्लीचे तरुण कुमार घोष होते. पण कागदावरचे युनिट आणि आपल्या कापडावरचा परिणाम यांत अंतर राहतेच. म्हणून स्वस्त कॅन आणि महाग कॅन यांची तुलना युनिटावर न करता आपल्याच कापडावर, समान वेळेत, समान परिणामाला किती खर्च आला यावर करावी.

गोदामातला बिनपगारी कामगार

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्या बंधूंना वाटेल, आम्ही कोरे कापड विकतो, आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग आहे. पावसाळ्यात गोदामातल्या ताक्यांवर जे काळे-हिरवे डाग पडतात, तेही अशाच बुरश्यांचे काम असते. कोऱ्या कापडात खळीचे स्टार्च असते. बुरशी आधी ती सोपी शिदोरी खाते, जोर धरते आणि मग सेल्युलेज सोडून कापसावर उतरते. म्हणून डाग धुऊन निघाला तरी तिथले कापड कमजोर झालेले असू शकते.

हवेतली आर्द्रता सतत ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. गाठी भिंतीला टेकवू नयेत, जमिनीवर फळ्या टाकून त्यांवर रचाव्यात, मधून हवा खेळती ठेवावी, आणि ओलसर ताका कितीही घाई असली तरी गाठीत बांधू नये. एक ओला ताका साऱ्या गाठीला बाधतो.

कापडापासून इंधनापर्यंत

हाच कामगार आता मोठ्या कारखान्यात नोकरीला लागला आहे. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल बनवावे असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. पेंढ्याची साखर करण्याचे काम तेथे विकरेच करतात.

पण पेंढा कापसाइतका शुद्ध नसतो. त्यात सेल्युलोजभोवती लिग्निन नावाचे कठीण आवरण असते. ते वाफेने व रसायनाने फोडल्याशिवाय विकराला वाट मिळत नाही. याच कारणाने हे इंधन स्वस्त करणे अवघड गेले आहे. कापसात लिग्निन जवळजवळ नसते. म्हणून जुन्या सुती कपड्यांची साखर करण्याचे, किंवा टेरीकॉटमधला कापूस विकराला खाऊ घालून पॉलिएस्टर वेगळे काढण्याचे प्रयोग शास्त्रज्ञ करीत आहेत. चिंधीच्या धंद्यातील बंधूंनी या प्रयोगांकडे लक्ष ठेवावे. चिंधी नीट वर्गवारी करून, सुती वेगळी आणि मिश्र वेगळी ठेवणाऱ्याला पुढे चांगला भाव मिळण्याची शक्यता आहे.

एक गैरसमजही दूर करायला हवा. विकर निसर्गातले आहे, ते कुजून जाते, हे खरे. पण म्हणून बायोवॉशचे सांडपाणी निर्मळ असते असे नाही. त्यात तुटलेली लव असते, सुटलेला रंग असतो आणि विरघळलेली साखर असते. ही साखर नाल्यातल्या पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. २०११ साली नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरची शेकडो रंगाई युनिटे बंद झाली, तेव्हा कारागिरांच्या चुली थंडावल्या होत्या. लव गाळणीत अडवणे आणि पाणी शुद्ध करून सोडणे हे म्हणूनच आपल्याच रोजीचे रक्षण आहे.

लेबलाची अमानत

शेवटी विक्रीची गोष्ट. बाजारात नुसते सिलिकॉनचे सॉफ्टनर मारून 'बायोवॉश' म्हणून विकलेला माल भरपूर आहे. हाताला दोन्ही मऊ लागतात. फरक पाच-सहा धुलायांनंतर कळतो. सॉफ्टनर हळूहळू उतरतो आणि लव पुन्हा वर येते. खऱ्या बायोवॉशमध्ये लव कापलेलीच असते, ती परत येत नाही. घाऊक खरेदी करणाऱ्याने नमुन्याचा एक तुकडा पाच-सहा वेळा धुऊन मूळ तुकड्याशेजारी ठेवून पाहावा. हे एवढे केले तरी फसवणूक लक्षात येते. तसेच कमी दर्जाचे सूत जास्त मात्रेने गुळगुळीत करून चांगल्या सुताच्या भावात विकणे, हेही होते. असा कपडा दुकानात सुंदर दिसतो आणि घरी लवकर विरतो.

धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या आणि तो भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विक्रेत्याला विचारणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजच्या कापड बाजारात तो ओलावा ताक्याच्या आतल्या कमजोर धाग्यात लपलेला असतो. तो हाताला लागत नाही, म्हणून सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर अधिक येते. माल कमजोर झाला असेल तर तो सेकंड म्हणून, कारण सांगून, कमी भावात विकावा. त्यात एकदाच नुकसान होते. लपवून विकला तर गिऱ्हाईक जाते, पत जाते, आणि बरकतही जाते.

म्हणून पुढच्या वेळी प्रोसेस हाऊसला माल पाठवताना चार प्रश्न जरूर विचारावेत. विकर ॲसिड आहे की न्यूट्रल? वेळ आणि उष्णता किती? ते मारता कसे? आणि घट किती धरता? ज्याच्याकडे या चारांची उत्तरे तयार असतील, त्याच्या हाती माल निर्धास्त द्यावा. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.